मूळ गिअर कोणता?

जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स बदलणे हा विषय साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु 'मूळ' या शब्दाशी ज्यांची रोजची झटापट चालते, त्यांना तो अगदीच परका वाटू नये.

१९७३ ते १९८७ या काळातील शेव्हरोलेचे के-मालिकेतील फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक आमच्यासमोर आहेत. स्वयंचलित गिअरबॉक्स अमेरिकेत १९४० सालच्या ओल्ड्समोबाइलपासून रुळत गेला. १९६३च्या जीप वॅगोनिअरमध्ये त्याला चारही चाकांच्या ओढीची जोड मिळाली. पुढे या ट्रकांच्या गिऱ्हाइकापुढेही दोन वाटा होत्या. एक टीएच-३५०, तीन गतींचा, स्वयंचलित. दुसरा एसएम-४६५, चार गतींचा, ओतीव लोखंडी कवचाचा, हाताने टाकायच्या गिअरचा. पहिल्या गिअरचे गुणोत्तर स्वयंचलितात २.५२, तर हाताच्या गिअरबॉक्सात ६.५५. एनपी-२०५ या ट्रान्सफर केसचे १.९६ त्यात गुणले की ४.९ आणि १२.८ असे अंतर पडते. चढावर स्वयंचलिताचा टॉर्क कन्व्हर्टर सुरुवातीची ओढ सुमारे दुप्पट करून हे अंतर पुष्कळसे भरून काढतो, हे मान्यच करावयास हवे. उतारावर मात्र त्याचा उपयोग नाही. तेथे ब्रेकला हात न लावता ट्रक मुंगीच्या पावलाने उतरवतो तो हा ६.५५च. (अर्थात ब्रेकला हात नव्हे, पाय म्हणावयास हवे, पण वाक्प्रचार कोणाचे ऐकतात?)

म्हणून हौशी माणूस स्वयंचलित काढतो आणि हाताचा बसवतो. काम वाटते त्याहून खोल जाते. फ्लेक्सप्लेटच्या जागी जड फ्लायव्हील येते, क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात पायलट बुश ठोकावे लागते, क्लचचे पेडल आणि त्याची दांड्यांची जोडणी उभारावी लागते, तळाचा पत्रा कापून गिअरच्या दांड्याला वाट द्यावी लागते, प्रोपेलर शाफ्टची लांबी पुन्हा मोजावी लागते. हे सारे झाल्यावर मालक म्हणतो, ट्रक 'मूळ रूपात' आणला.

आमचा आक्षेप या शब्दाला आहे. हा ट्रक कारखान्यातून स्वयंचलितच निघाला होता. पाठचिकित्सेच्या परिभाषेत या बदलास आम्ही प्रक्षेप म्हणणार नाही, कारण त्याच साली त्याच कारखान्याने तोही पाठ सिद्ध केला होता. तो पाठभेद आहे; पण दुसऱ्या प्रतीतून उचललेला. आणि ती दुसरी प्रत बहुधा भंगारात उभी असते. पेडल, दांड्या, बेलहाउसिंग हे सगळे जुळते मिळावे म्हणून मालक आपल्या ट्रकच्याच पिढीतला, जन्मतः हाताच्या गिअरचा एक ट्रक शोधतो आणि तो सोलतो. ज्याच्या अंगी ते 'मूळपण' खरोखर होते, तोच त्यासाठी नाहीसा होतो. गंजलेल्या सांगाड्याबद्दल आमची तक्रार नाही. चालता ट्रक सोललेला पाहून मात्र वाईट वाटते.

बदल केलेल्या अनेक ट्रकांत वेगदर्शकाखालची ती छोटी पट्टी तशीच राहून जाते. तिच्यावर पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्हची अक्षरे असतात, आणि कशालाच न जोडलेला काटा त्यांतल्या एखाद्या अक्षरावर थांबलेला असतो.