घरच्या वातावरणाचा इतिहास

दलित मुलगा नापास झाला की कारण शोधायला कोणी शाळेत जात नाही. सगळे त्याच्या घरात शिरतात. ‘घरात शिक्षणाचे वातावरण नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकले आहे की ते आता निदान वाटत नाही, निकाल वाटतो. समाजशास्त्राचाही त्याला आधार सांगितला जातो. 1966 साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या अहवालाने शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कुटुंबाच्या पार्श्वभूमीचा मुलाच्या प्रगतीवर अधिक परिणाम होतो, असा निष्कर्ष काढला. फ्रान्समध्ये पिएर बोर्द्यू यांनी घरातून मिळणाऱ्या भाषेला आणि रीतीभातींना ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हटले. हे खोटे नाही. पण भांडवल म्हटले की ते कोणी साठवले आणि कोणाला साठवू दिले नाही, हा प्रश्न येतोच. घराचे वातावरण येते कुठून?

1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकत होती. पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला पारख्या ठेवलेल्या समाजातील मुलगी शाळेचे दार उघडताच धर्मव्यवस्थेला जाब विचारू लागली. पुढच्याच वर्षी, 1856 मध्ये, धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. न्याय त्याच्या बाजूने आहे हे मुंबई सरकारने मान्य केले आणि तरीही त्याला शाळेत घेतले नाही. एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा निरुपयोगी होईल, असे कारण दिले. इथे कमी काय होते? ओढ होती, अर्ज होता. नव्हती ती शाळेची तयारी.

आता रामजी सुभेदारांचे घर पाहा. मुलांना पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा हा बाप लष्करी शाळेत मुख्याध्यापक होता. त्या घरातील पुस्तकाची गोडी रक्तातून आली नव्हती, नशिबातूनही नव्हती. ती छावणीने दिली होती. लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना अक्षर मिळत होते, म्हणून काही महार घरांत वाचणारी माणसे तयार झाली. 1890 च्या दशकात महारांची लष्करभरती थांबली, तेव्हा केवळ भाकरीच गेली नाही. घरात अक्षर येण्याची ही वाटही बुजली. आणि ज्या घरात वातावरण होते, त्या घरच्या भीमरावाला साताऱ्याच्या शाळेत काय मिळाले? बसायला घरून नेलेले गोणपाट, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी.

बाबासाहेबांनी पुढे जे केले ते मला म्हणूनच समाजशास्त्राचा मोठा धडा वाटते. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. उपदेश करून घर बदलत नाही, हे त्यांनी ओळखले होते. दिवसभर राबणाऱ्या आईबापाच्या एका खोलीत कंदील, कोपरा आणि निवांतपणा कुठून येणार? वसतिगृहाने ते दिले. शिवाय आपल्यासारखीच शिकणारी मुले शेजारी दिली. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. नागसेनवनात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून पोरे आली. त्यांतील अनेकांच्या घरी पुस्तक नव्हते. त्यांच्यातूनच पुढे प्राध्यापक, वकील, कवी निघाले, आणि आज त्यांच्या नातवंडांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत.

म्हणजे वातावरण घडवता येते. छावणीने ते घडवले, फुल्यांच्या शाळेने घडवले, वसतिगृहाने घडवले. वसतिगृहाची जागा कमी झाली, शिष्यवृत्ती रखडली, वस्तीजवळची शाळा बंद झाली, की ते मोडतेही. मग दोष मात्र आईच्या निरक्षरतेला लागतो. मुलाच्या अहवालावर ‘घरात वातावरण नाही’ असे लिहिणाऱ्या गुरुजींनी खाली आणखी एक ओळ लिहावी: ते घडवण्यासाठी या शाळेने काय केले?