वाळूचा कण आणि डांबर

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या काठची वाळू काळी आणि चिकट आहे. तेथील क्री लोक तिच्यातून पाझरणारे डांबर झाडाच्या डिंकात मिसळून होड्यांच्या फटी बुजवीत. १९१३ साली सिडनी एल्स या अभियंत्याने तिचे नमुने गोळा केले, पुढे एडमंटन शहरात रस्त्यावर घालूनही पाहिले. रस्ता चांगला झाला, पण वाळू वाहून आणणे परवडेना. डांबर वाळूपासून सोडवायला हवे होते.

अल्बर्टातच कार्ल क्लार्क यांनी १९२० पासून यावर काम केले. गरम पाणी व थोडा अल्कली घालून वाळू घुसळली, की डांबर फेसाबरोबर वर येते. १९२९ साली त्यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले. मात्र सगळीच वाळू सारखी वागत नसे. कुठे वजनाच्या १४ टक्के डांबर, कुठे ६ टक्केही नाही. असे का?

मोठ्या बरणीत वाटाणे भरा, दुसरीत मोहरी. मधली पोकळी पाणी ओतून मोजा. दोन्हीकडे जवळजवळ सारखीच भरेल! (वर्गात हा प्रयोग जरूर करावा, मुले पैज हरतात.) मग बारीक वाळूत डांबर कमी का? दोन कारणे. निसर्गातला गाळ एका मापाचा नसतो. बारीक कण मोठ्यांमधल्या पोकळीत जाऊन बसतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. कणाचा व्यास दहापट कमी केला, की तेवढ्याच वाळूचे एकूण पृष्ठफळ दहापट होते. सुमारे ११-१२ कोटी वर्षांपूर्वी नद्या व खाड्यांनी ही वाळू टाकली, तेव्हा ती पाण्याने भिजलेली होती. तेल मागाहून आले. पाणी कणांना, त्यातही चिकणमातीला, धरून राहिले. उरलेल्या जागेत तेल शिरले, आणि जीवाणूंनी त्यातला हलका भाग खाल्ल्यावर डांबर उरले. म्हणूनच येथे डांबर व पाणी यांची बेरीज बहुधा १६-१७ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी वाढले, की डांबर घटते.

कणावरचा हा पाण्याचा पातळ थर क्लार्क यांच्या पथ्यावर पडला. डांबर कणाला थेट चिकटलेले नसल्याने गरम पाण्याने सुटते. पण ४४ मायक्रॉनहून बारीक कण जास्त असले, तर चिकणमाती डांबराच्या थेंबांना वेढते, आणि डांबर पुरेसे वर येत नाही.

मोठा कारखाना १९६७ साली सुरू झाला. क्लार्क आदल्याच वर्षी वारले होते. जाड वाळू वापरलेल्या पाण्यातून लगेच खाली बसते. बारीक कण मात्र खाणींशेजारच्या प्रचंड तलावांत दशकानुदशके तरंगत राहतात, आणि त्यांना खाली बसवण्याचे काम आजही चालू आहे.