व्यापारी जहाजांवरील हेलिकॉप्टर-चिन्हें व त्यांचे दोन उगम

शिलालेख असो, ताम्रपट असो कीं दप्तरांतील जीर्ण कागद असो, तो कोणीं, कोणासाठीं व कोणत्या प्रसंगीं लिहिला, हे तीन प्रश्न संशोधक प्रथम विचारतो. हेच प्रश्न एका अगदीं अर्वाचीन लेखास विचारून पाहावे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे. हा लेख पोलादावर रंगानें लिहिलेला असतो. त्याचा वाचक आकाशांत असतो, आणि वाचनास त्याला कांहीं क्षणच मिळतात. व्यापारी जहाजांच्या डेकवर हेलिकॉप्टरसाठीं रंगविलेलीं वर्तुळें व अक्षरें आम्हांस येथें अभिप्रेत आहेत.

हीं चिन्हें मुख्यतः दोन प्रकारचीं आहेत. पहिल्या प्रकारांत पिवळ्या वर्तुळाच्या मध्यभागीं रोमन लिपींतील पांढरा 'एच्' असतो. येथें हेलिकॉप्टरनें उतरावें, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या प्रकारांत 'विंच ओन्ली', म्हणजे 'केवळ दोरानें', अशीं अक्षरें असतात. येथें उतरावयाचें नाहीं; वर स्थिर राहून माणूस किंवा सामान तारेच्या दोरानें खालीं सोडावें अगर वर ओढून घ्यावें. या दोन चिन्हांचे उगम निरनिराळे आहेत, असें आमचें मत आहे.

पहिला उगम युद्धांतला. जर्मन पाणबुड्यांनीं अटलांटिक महासागरांत व्यापारी जहाजें बुडविण्याचा सपाटा लावला होता. या जहाजांच्या रक्षणासाठीं त्यांच्याच डेकवरून हेलिकॉप्टर उडवितां येईल काय, हें पाहण्यासाठीं मे १९४३ मध्यें अमेरिकन सैन्यांतील कर्नल ग्रेगरी यांनीं सिकोर्स्की 'एक्सआर-४' हें यंत्र 'बंकर हिल' नांवाच्या तेलवाहू जहाजावर वारंवार उतरवून दाखविलें. स्थळ होतें लाँग आयलंड साउंड, म्हणजे भूमीच्या आडोशाचें शांत पाणी. पुढें जानेवारी १९४४ मध्यें 'डागेस्तान' या ब्रिटिश व्यापारी जहाजावर खास मंच बांधून हेलिकॉप्टरें काफिल्याबरोबर अटलांटिकपार नेण्यांत आलीं. परंतु हिवाळ्यांतील खवळलेल्या समुद्रामुळें उड्डाण फारसें साधलें नाहीं. आडोशाच्या पाण्यांत सुरक्षित ठरलेली जागा भर समुद्रांत तशी ठरत नाहीं, हा धडा त्यांतून मिळाला.

दुसरा उगम संकटविमोचनाचा. २९ नोव्हेंबर १९४५ रोजीं अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्याच्या किनाऱ्यानजीक पेनफील्ड रीफ या खडकावर एक तेलवाहू बार्ज वादळांत अडकलें. त्यावरील दोघांस सिकोर्स्की 'आर-५' या हेलिकॉप्टरनें दोरानें वर उचलून घेतलें. हेलिकॉप्टर बार्जवर उतरलें नाहीं, आणि तशी जागाहि तेथें नव्हती.

आतां यांपैकीं मुख्य उगम कोणता? सामान्यतः १९४३ च्या अवतरणास अग्रमान दिला जातो. आम्हांस तें मान्य नाहीं. तेलवाहू जहाजाच्या डेकवर नळांचें जाळें असतें. मालवाहू जहाजावर क्रेन व दोरखंड असतात. उतरण्याजोगी मोकळी जागा थोड्याच जहाजांना देतां येते. दोर सोडण्यापुरती जागा पुष्कळांना देतां येते. जून १९६७ ते जून १९७५ पर्यंत सुएझ कालवा बंद होता. त्या काळीं आफ्रिकेस वळसा घालणाऱ्या प्रचंड तेलवाहू जहाजांना टपाल, सामान व माणसें केपटाउनहून हेलिकॉप्टरनें पोंचविण्याची वहिवाट वाढली, आणि ठरीव चिन्हांची निकड भासूं लागली. 'इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग' या संस्थेनें जहाजांसाठीं मार्गदर्शिका काढली. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमांतहि हेलिकॉप्टर-तळांचा स्वतंत्र खंड १९९० मध्यें अमलांत आला.

दोराच्या जागेचे नियम बारकाईनें पाहण्याजोगे आहेत. मध्यभागीं निदान ५ मीटर व्यासाचें भरीव पिवळें वर्तुळ. त्यांत कसलाहि अडथळा नसावा. भोंवतीं निदान ३० मीटर व्यासाचें तुटक रेषेचें वर्तुळ. त्याच्या आंतील भागांत ३ मीटरांहून व बाहेरील भागांत ६ मीटरांहून उंच कांहीं नसावें. दोराचा आंकडा जहाजास कधींहि अडकवूं नये, हाहि कडक दंडक आहे. कारण तसें झाल्यास हेलिकॉप्टर जहाजासच बांधलें जातें.

यावरून दिसून येईल कीं, हें चिन्ह म्हणजे एक प्रतिज्ञालेख आहे. जुन्या पत्राच्या अखेरीस मोर्तब होई, व त्यापुढें कांहीं लिहिल्यास तें अग्राह्य ठरे. तशीच ही पिवळी रेषा मर्यादा सांगते. वर्तुळ काढल्यावर मागाहून तेथें एखादा खांब उभारला आणि चिन्ह तसेंच ठेविलें, तर तें कूट ताम्रपटासारखें होतें. फरक इतकाच कीं, कूट ताम्रपटानें जमीन जाते. येथें प्राण जातात. म्हणूनच जागा निरुपयोगी झाली असतां जुनें चिन्ह झांकून टाकणें किंवा तांबड्या चौकोनावर पिवळी फुली मारून उतरण्याची मनाई दर्शविणें अवश्य असतें.

येथेंच संग्राहकांची अडचण उत्पन्न होते. आपण लेख जपतों. खलाशाला मात्र खोटा ठरलेला लेख पुसून टाकावाच लागतो, आणि तेंच योग्य आहे. रंगाचे थर एकावर एक चढतात, आणि अखेरीस जहाजच मोडीत निघतें. मुंबईच्या दारुखान्यांत आणि १९८३ पासून गुजराथेंतील अलंग येथें असंख्य जहाजें तोडलीं गेलीं. पत्रा वितळविला जातो. परंतु जहाजाचे नकाशे, छायाचित्रें व रंगकामाच्या सूचना भंगाराबरोबर कधीं कधीं बाजारांत येतात. चिन्ह केव्हां आलें व केव्हां बदललें, हें ठरविण्यास तेवढेंच साधन उरतें. ज्यांच्या हातीं असे कागद येतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां जहाजाचें नांव व वर्ष टिपून जतन करावे, एवढीच आमची विनंति आहे.