मॉडेमऐवजी हार्डडिस्कला फोन लावणारा मुलगा

आजची गोष्ट तुमच्या फोनमधल्या हॉटस्पॉटची. खरं तर त्याच्या आजोबांची. तुम्ही बटण दाबता आणि मित्राचा फोन तुमच्या डेटावर चालायला लागतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हेच काम लोक घरी, लिनक्सवर, एकेक ओळ टाइप करून करत होते. आणि गंमत म्हणजे लिनक्सचा जन्मच मुळी घरातला कॉम्प्युटर बाहेर जोडण्याच्या खटपटीतून झालाय.

जानेवारी १९९१, हेलसिंकी. २१ वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्सनं हप्त्यांवर ३८६ पीसी घेतला. रॅम ४ एमबी. आज तुमच्या फोननं काढलेला एक फोटोच साधारण तेवढा भरतो! त्यावर त्यानं मिनिक्स ही शिकवण्यासाठी बनवलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. त्याला हवं होतं काय, तर घरच्या फोनलाइनवरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला जोडून घ्यायचं आणि तिथल्या चर्चा वाचायच्या. मिनिक्समधला त्यासाठीचा प्रोग्रॅम त्याला पटेना, म्हणून स्वतःचा लिहिला. मग वाटलं, फाइल उतरवून ठेवता आली तर बरं. म्हणजे आता डिस्क चालवणारा कोड हवा, फाइल सिस्टिम हवी... असं करत करत ऑगस्टपर्यंत ते प्रकरण ऑपरेटिंग सिस्टिम होऊन बसलं.

पुढे त्याच वर्षी एकदा विद्यापीठाला फोन लावताना त्यानं मॉडेमच्या जागी हार्डडिस्कचं नाव दिलं. झालं! डायल करायच्या आज्ञा मॉडेमला जायच्या, त्या डिस्कवर लिहिल्या गेल्या आणि मिनिक्सचा भाग खराब झाला. मिनिक्स पुन्हा टाकता आलं असतं. त्यानं ते टाकलं नाही, लिनक्समध्ये जे कमी होतं ते भरत बसला.

आता यातला विरोधाभास बघा. फोन लावता यावा म्हणून सुरू झालेल्या या लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीत नेटवर्किंग नव्हतंच. इंटरनेटची भाषा, म्हणजे टीसीपी/आयपी, १९९२ मध्ये रॉस बिरो यांच्या कोडमुळे आली. वेल्समध्ये स्वानसीला ॲलन कॉक्स यांनी ती वापरता वापरता दुरुस्त केली. डोनाल्ड बेकर यांनी स्वस्त इथरनेट कार्डांसाठी ड्रायव्हर लिहिले. माझ्या मते घरगुती लिनक्सच्या इतिहासात बेकर यांचं नाव फार कमी घेतलं जातं. कार्डच चाललं नाही तर बाकी सगळं काय चाटायचंय?

आणि कार्ड चालवणं म्हणजे काय होतं! ते कुठली आयआरक्यू वापरतं, हे बऱ्याचदा स्वतः ठरवावं लागे. तोच नंबर साउंड कार्डानं धरला असेल, तर दोघांची भांडणं. दोन पीसी जोडायला टीव्हीच्या केबलसारखी जाड वायर, आणि तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. त्यातला एक कुणी काढला की सगळं नेटवर्क झोपलं.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबईत मॉडेम कुईकुई करू लागले, आणि ते चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज. एक सीडी असते ६५० एमबीची. २८.८ केबीपीएसच्या मॉडेमवर, पूर्ण वेग मिळाला तरी, ती उतरवायला सलग ५० तास! म्हणून पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर मिळणारी लिनक्सची सीडी लोक जपून ठेवायचे.

पण नवख्याची खरी कोंडी वेगळीच होती. बाजारात स्वस्त 'विनमोडेम' आले होते. त्यांचं अर्धं काम विंडोज करायची, त्यामुळे लिनक्समध्ये ते बहुधा मुके. मॉडेम कसा चालवायचा हे इंटरनेटवर लिहिलेलं, आणि इंटरनेटवर जायला मॉडेम चालायला हवा. यातून वाट काढली ती सीडीवरच्या 'हाऊटू' नावाच्या मजकुरांनी. त्या विषयात स्वतः ठेचा खाल्लेली माणसं पुढच्याला सांगायची: हे टाइप कर, असं दिसलं तर ठीक, तसं दिसलं तर वायर तपास.

त्यातलाच एक हाऊटू 'आयपी मास्करेडिंग'चा. घरात कॉम्प्युटर दोन-तीन, पण फोन एक आणि कंपनीकडून मिळालेला पत्ताही एकच. मग मॉडेमवाला लिनक्स पीसी दारात बसायचा. आतून कुणीही काही मागितलं की तो स्वतःच्या नावानं मागायचा, कुणासाठी मागितलं याची नोंद ठेवायचा, आणि उत्तर आलं की त्या-त्या कॉम्प्युटरकडे पोचवायचा. बाहेरच्यांना वाटायचं, या घरात एकच कॉम्प्युटर आहे. अडगळीत टाकायच्या लायकीचा ४८६ सुद्धा या कामाला पुरायचा.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. २०१० मध्ये त्यात वायफाय हॉटस्पॉट आला, तो हेच काम करतो. आज मित्राला हॉटस्पॉट द्याल तेव्हा त्याच्या फोनमध्ये वायफायच्या तपशिलात आयपी पत्ता बघा. तो १९२.१६८ नं सुरू झालेला दिसू शकतो. घरातल्या आणि ऑफिसातल्या खासगी वापरासाठी हे आकडे नव्वदच्या दशकातच राखून ठेवलेले आहेत.