रामटेक : गड आणि शिवार

नागपुरचा गृहस्थ पाहुण्याला घेऊन रामटेकास निघतो तेव्हां त्याची दृष्टि बहुधा गडावर असते. गांव नागपुरच्या ईशान्येस सुमारें ४८ किलोमीटरांवर आहे. रेल्वेचा फांटा तेथेंच संपतो. पायऱ्या चढाव्या, राम-लक्ष्मणांचें दर्शन घ्यावें, माकडांपासून प्रसाद संभाळावा आणि दिवेलागणीच्या आंत घरीं परतावें, असा हा शिरस्ता. खालचें गांव केवळ वाटेवरचें समजलें जातें. वस्तुतः या टेकडीचा अगदीं जुना लेखी पुरावा शोधूं गेल्यास तो एका शेताच्या दानपत्रांत सांपडतो.

इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशावर वाकाटकांचें राज्य होतें. गुप्त सम्राट् दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. पति निवर्तला, मुलें अल्पवयी. तेव्हां राज्यकारभार तिनें स्वतः पाहिला. पुणें ताम्रपट म्हणून प्रसिद्ध असलेलें तिचें दानपत्र नंदिवर्धन येथून दिलेलें आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचें नगरधन, असें विद्वान् फार दिवसांपासून म्हणत आले. २०१५ नंतर तेथें झालेल्या उत्खननांत प्रभावतीच्या नांवाची मातीची मुद्रा निघाली आणि त्या मताला चांगलेंच बळ आलें.

तिचें दुसरें दानपत्र अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपूर येथें मिळालें. तें रामगिरिस्वामीच्या चरणांपासून, म्हणजे याच टेकडीवरून, दिलेलें आहे. दान काय? एक शेत, शेतावरील घर, आणि कसणाऱ्यांच्या चार झोंपड्या. राणीच्या माहेरची वंशावळ पत्र्यावर कोरली गेली. झोंपड्यांतील माणसांविषयीं मात्र चार या आंकड्यापलीकडे कांहीं कळत नाहीं. शेत ज्याचें झालें त्याच्याकडे तीं घरेंहि गेलीं, एवढेंच.

आतां कालिदासाचा प्रश्न. मेघदूतांतील यक्ष रामगिरीवर राहत होता, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तो रामगिरि म्हणजे रामटेक, असें सप्रमाण मांडलें. मल्लिनाथानें चित्रकूट म्हटलें आहे. सरगुजाच्या रामगढाचा पक्ष घेणारेहि आहेत. मिराशींची बाजू या सर्वांत भक्कम वाटते. तथापि कवि येथें राहिला, असें कोणताहि ताम्रपट सांगत नाहीं, हें लेंकराबाळांना गड दाखवितांना मोठ्यांनीं विसरूं नये. स्मारक उभें राहिलें, १९९७ सालीं कालिदासाच्या नांवें संस्कृत विश्वविद्यालयहि स्थापन झालें. तीं आदराचीं चिन्हें आहेत, पुरावा नव्हेत.

पुराव्याचा खरा खजिना केवल-नरसिंहाच्या देवळांत आहे. त्याच्या भिंतींतील शिलालेख कित्येक वर्षें गिलाव्याखालीं झांकलेला होता. तो उघडा पडल्यावर प्रभावतीच्या घराण्याची हकीकत नव्यानें वाचतां आली. बहुतेक यात्रेकरू या देवळावरून न थांबतां पुढें जातात. जवळच्या प्रचंड वराहाच्या पोटाखालून निघण्याची हौस मात्र अनेकांना असते. पापी माणूस तेथें अडकतो अशी समजूत आहे. परंतु अडकण्याचा संबंध पापापेक्षां पोटाशींच अधिक असावा!

गडावर आज जें वैभव दिसतें त्यांत नागपुरकर भोसल्यांचा वांटा मोठा आहे. पायथ्याशीं शांतिनाथाचें जैन मंदिर आहे. अंबाळा तलावाचे घाट व कार्तिकी पौर्णिमेची यात्रा श्रोत्यांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल.

पानमळे मात्र थोड्यांनींच पाहिले असतील. रामटेकचें कपुरी पान एके काळीं दूरदूर जात असे. नागवेल मोठी नाजूक. तिला ऊन सोसत नाहीं, वारा सोसत नाहीं, आणि पाणी तर नित्य हवें. म्हणून मळ्याला चहूंकडून कूड घालावा लागतो, वेलींना आधाराचीं झाडें लावावीं लागतात, आणि तयार पान एकेक करून हातानेंच खुडावें लागतें. हें कसब बारई समाजानें पिढ्यान्‌पिढ्या जतन केलें. नागपंचमी हा त्यांचा मोठा सण. पूर्वीइतके मळे आतां राहिले नाहींत. गडावरून उतरलेला पाहुणा बाजारांत विडा घेतो, पण तें पान रामटेकचें आहे कीं बाहेरून आलेलें, हें विचारीत नाहीं.

सवड असल्यास सूर्यास्तापर्यंत गडाच्या तटाशीं थांबावें. तेथून खिंडशीचें पाणी दिसतें, खालीं धानाच्या बांध्या दिसतात, आणि त्यांच्या कडेनें घराकडे परतणारीं माणसें दिसतात.