मूद सांगते तेवढेच

परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावच्या आसपासचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस. त्यात शंखशिंपले कुठून असणार? पण लाव्हाच्या दोन लोंढ्यांमध्ये बराच काळ जाई. तेवढ्यात तळी साचत, गोगलगायी नांदत. दख्खनमध्ये काही ठिकाणी हा गाळ टिकून आहे. त्याला अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात.

गोदावरीपलीकडे, निर्मळच्या बाजूच्या डोंगरांत माल्कमसन या लष्करी डॉक्टरांना असे शंख मिळाले. १८४० साली सॉवर्बी यांनी त्यांतल्या एकाला 'फायसा प्रिन्सेपाय' हे नाव दिले. पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी त्या भागातील पुष्कळ शंख जमवून १८६० मध्ये त्यांचे वर्णन छापले.

अडचण अशी की पुष्कळदा मूळ कवच विरघळून गेलेले असते. उरतो तो आत भरलेल्या गाळाचा दगड. वाटीतून काढलेली भाताची मूदच म्हणा ना! वाटीचा आकार कळतो, बाहेरची नक्षी कळत नाही. मग ओळखायचे कसे? टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडे येते, फायसाचे डावीकडे. ही खूण मुदीतही टिकते. मात्र दगडातला पोकळ ठसा पाहत असाल तर सावधान, त्यात डावे-उजवे उलटते!

दोन झडपांचा जीवाश्म मिळाला तर? ब्रॅकिओपोडची प्रत्येक झडप मधोमध दुभागली तर सारखे अर्ध होतात. शिंपल्याचे सहसा होत नाहीत. पण ब्रॅकिओपोड समुद्रातले. गोड्या तळ्याच्या गाळात त्यांची अपेक्षाच नको.

हिस्लॉप यांनी मात्र शंखांकडून वयही वदवून घेतले. युरोपातील शंखांशी साम्य पाहून त्यांनी हे थर इओसीन, म्हणजे आजच्या गणनेने फार तर ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे ठरवले. १९३४ मध्ये बिरबल साहनी यांनीही वनस्पतींच्या आधारे तृतीयक काळाचीच बाजू घेतली. नंतर या थरांत डायनोसॉरचे अवशेष मिळाले, किरणोत्सारी कालमापन झाले, आणि दख्खनचा मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरला. शंख तेच होते. साम्यावरून काढलेले वय टिकले नाही.

तेव्हा विद्यार्थ्याने असा दगड आणला, तर आपण चिठ्ठीवर गाव, थर, तारीख आणि 'डावखुरा शंख, आतला साचा' एवढेच लिहू. जातीची जागा खुशाल कोरी ठेवू.