माळवदी वाडा आणि त्याची निगा

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ येथे परमार राजा उदयादित्याचा पुत्र जगद्देव याच्या काळचा शिलालेख सापडला आहे. लक्ष्मीनारायणाचे पाषाणी मंदिरही तेथे उभे आहे. देवालयाचा इतिहास असा दगडाने राखला. माणसे ज्या घरांत राहिली त्यांचा इतिहास मात्र सुताराच्या कामातच वाचावा लागतो. आदिलाबादचा मुलूख सागाच्या जंगलांचा. १९५६ पर्यंत तो मराठवाड्यासह हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्यातील मराठवाड्याच्या माळवदी वाड्यांवरून लाकडी घराचे मर्म चांगले उमगते.

या वाड्यात छताचा भार मुख्यतः खांबांवर असतो. भिंत हा बहुतांशी आडोसा होय. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करीत, म्हणजे ओल वर चढत नाही आणि वाळवीस सहज वाट मिळत नाही. खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट आणि त्यावर मातीचा थर, अशी ही रचना. दोन तुळयांमधील जागा तो ‘खण’. घराचे मोठेपण खणांनीच मोजले जाई.

सागाचा गाभा दीर्घकाळ टिकतो. पण पाणी मुरत राहिले तर तोही कुजतो. म्हणून मृगापूर्वी माळवदावरील गवत उपटणे, पन्हळ मोकळे करणे आणि भेगांवर पांढरी माती पसरून ती चोपणे हा गृहस्थाचा वार्षिक नेम असे.

परंतु या नेमातच एक दोष शिरला. जुनी माती न काढता नवी घातली जाई, आणि पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि हे ओझेही माणसांवर कोसळले. सुमारे ८,००० माणसे दगावली. तथापि कित्येक ठिकाणी भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिला, हेही तितकेच खरे.

तेव्हा दोष लाकडाचा नव्हता, पूर्वजांच्या रचनेचाही सर्वस्वी नव्हता. विचारावाचून चालू राहिलेल्या निगेचा तो मोठा दोष होता. आज जो कोणी जुना वाडा राखू इच्छितो, त्याने नवी माती टाकण्यापूर्वी जुनी उतरवावी, आणि भिंतीच्या गिलाव्याआधी खांबाचा पायथा तपासावा.